बातमी होती, खाते नव्हते : मराठी वकिलांची दोन शतके

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. पानिपताच्या आधीच्या दहा-बारा वर्षांची पत्रे त्यात होती. पुढे पारसनीस, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल सोडून नागरीत आणले. त्यांत छावणीतली पत्रे आहेत, हिशेब आहेत, भाऊबंदकीची गाऱ्हाणी आहेत. पण अठराव्या शतकाचे राजकारण दिवसावारी उभे करायचे तर हात जातो तो परदरबारी बसलेल्या वकिलांच्या पत्रांकडे. दिल्लीत बादशहाकडे कोणाचे येणे-जाणे वाढले, निजामाचा दिवाण कोणावर रुसला, श्रीरंगपट्टणात फौजेचा पगार किती महिने तुंबला, हे सारे पुण्याला कळत असे, आणि बहुधा वेळेवर कळत असे.

मग एक प्रश्न उरतो आणि तो या कागदांच्या वाचकाला सुटत नाही. ज्या राज्याला शेजाऱ्याच्या घरातली कुजबुज ऐकू येत होती, ते राज्य एका व्यापारी कंपनीच्या राजकारणापुढे इतके कसे फसले? वकील नालायक होते, फितूर होते, असे सोपे उत्तर अनेकदा दिले गेले. कागद मात्र वेगळे सांगतात. माणसे बहुतेक जागी चांगली होती. त्यांच्या मागे परराष्ट्राचे खाते असे काही उभे राहिले नाही.

माणूस पारखून पाठवणे

शिवाजी महाराजांच्या काळातली वकिली ही प्रसंगाची वकिली होती. काम निघाले की माणूस निवडायचा, काम झाले की तो परत. अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर आला आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ बोकील वाईला गेले. पंताजींकडे दोन कामे होती. महाराज घाबरले आहेत, खानाने जावळीत यावे, ही गोष्ट खानाच्या गळी उतरवायची आणि त्याच वेळी छावणीत वावरून खानाच्या मनात काय आहे याचा ठाव घ्यायचा. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाच्या पायथ्याची भेट या दोन्ही कामांवर उभी होती.

वकिलाचा जीव किती स्वस्त असतो ते आग्र्याला दिसले. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज निसटले. रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर हे दोघे मात्र मोगलांच्या हाती लागले. दोघांचे हाल करण्यात आले आणि पुढल्या वर्षी मोगलांशी बोलणी सुरू झाल्यावर ते सुटले. परमुलखात वकिलाला हात लावू नये, हा संकेत सगळे मानत. पण तो मोडणाऱ्याला विचारणारे कोणी नव्हते.

कुतुबशाहीतले काम याहून संथ आणि खोल होते. प्रल्हाद निराजी गोवळकोंड्याच्या दरबारी वकील होते. मादण्णा आणि आकण्णा हे बंधू तिथे सत्तेवर होते आणि १६७७ मध्ये महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर जाताना भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, पाहुणे म्हणून राहिले. इतका विश्वास काही एका भेटीत जमत नाही. याच प्रल्हाद निराजींना पुढे राजाराम महाराजांनी जिंजीत प्रतिनिधिपद दिले. म्हणजे वकिलीतून माणूस राज्याच्या पहिल्या फळीत जाऊ शकत होता.

कागदावर खातेही होते. अष्टप्रधानांत सुमंत, म्हणजे डबीर, हे परराज्यांशी बोलण्याचे पद होते. शाहू महाराजांच्या काळात पेशव्याचे वजन वाढत गेले तसे सुमंतपद मानापुरते राहिले आणि परराष्ट्राचा कारभार पेशव्यांच्या फडात आला. एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांबद्दल स्वतंत्र इशारा आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि यांना जमिनीचा लोभ आहे, असा त्याचा मथितार्थ. अठराव्या शतकाच्या आरंभीच हे कोणाला तरी कळले होते. त्या राजांच्या घरी आपला माणूस ठेवावा, हे पुढचे पाऊल मात्र कोणी टाकले नाही.

दिल्लीतले हिंगणे

कायमची वकिलात म्हणता येईल अशी पहिली मोठी वकिलात दिल्लीची. बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंपैकी हुसेन अलीबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. येताना महादेवभट हिंगणे यांना त्यांनी तिथे ठेवले. हिंगणे नाशिककडचे, भिक्षुकी करणारे घराणे. महादेवभटांच्या मागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनी ती वकिली चालवली. बादशहा बदलले, वजीर मारले गेले, नादिरशहा आणि अब्दाली येऊन गेले. हिंगणे दिल्लीतच होते.

याचा फायदा उघड होता. दरबारातली फारसी, खोजांची आणि मुन्शींची ओळख, कोणत्या उमरावाला काय द्यावे लागते याचा अंदाज, हे सगळे घरात मुरलेले होते. १७५२ मध्ये वजीर सफदरजंगाने अब्दालीच्या धाकाने मराठ्यांशी करार केला. तख्ताचे रक्षण पेशव्याच्या सरदारांनी करायचे आणि त्याबद्दल पैसा व सुभे घ्यायचे, असे त्याचे स्वरूप. अशा व्यवहाराला दिल्लीतला मुरलेला माणूसच लागतो.

तोटाही तितकाच उघड होता. वकिली घराण्याची झाली की घराण्याचे हितसंबंध तिच्यात शिरतात. हिंगण्यांना जहागिरी मिळाल्या, गोदाकाठी चांदोरीला मोठा वाडा उभा राहिला. १७५० नंतर दिल्लीत पेशव्यांचा सरदार म्हणून अंताजी माणकेश्वर होता. त्याचे आणि हिंगण्यांचे इतके वितुष्ट आले की दोघेही एकमेकांच्या अफरातफरीची पत्रे पुण्याला धाडू लागले. एकाच शहरातून, एकाच धन्याला, एकाच आठवड्यात दोन उलट हकिकती येत. खरे काय ते ठरवायला पुण्यात तिसरा कोणी नव्हता.

पुढे महादजी शिंदे उत्तरेत बलवान झाले तेव्हा हिंगण्यांची जागा आणखी अडचणीची झाली. महादजींना दिल्लीत पेशव्यांचा वेगळा कान नको होता आणि नाना फडणिसांना नेमका तोच हवा होता. वकील बादशहाकडे लक्ष ठेवण्यासाठी आहे की आपल्याच सरदाराकडे, हे ज्या राज्यात ठरत नाही, त्या राज्यातला वकील शहाणा असेल तर गप्प बसायला शिकतो.

वकिलाचा संसार

या माणसांचे दिवस कसे जात? सकाळी दरबार असेल तर पोशाख करून जायचे, आपल्या मानाच्या जागी बसायचे आणि ती जागा एक हात जरी मागे सरकली तरी संध्याकाळच्या पत्रात लिहायचे. दुपारी शहरातले सावकार, दरबारचे मुन्शी आणि अखबारनवीस यांच्याशी बोलणे. रात्री पत्र. पत्राला ठरलेला साचा होता. आरंभी साष्टांग नमस्कार आणि येथील कुशल, मग विशेष, मग एकेक कलम, आणि शेवटी ‘लोभ असो द्यावा, हे विनंती’. नाजूक मजकूर पुरवणीत वेगळा. त्याहून नाजूक असेल तर कागदावर काहीच नाही. जासुदाच्या तोंडी निरोप.

जासूद जोडीने धावत, कारण एक वाटेत मेला तर दुसऱ्याने पोचावे. तरी सरकारी डाकेपेक्षा सावकारांचे काशीद अनेकदा चपळ ठरत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ पहिली निश्चित बातमी कळली ती दहा-एक दिवसांनी एका सावकारी चिठ्ठीतून, मोती आणि मोहरांच्या सांकेतिक हिशेबात. हुंडीच्या धंद्यावर चालणारी पेढी बातमीला जितकी जपत असे, तितके सरकार जपत नव्हते.

खर्चाची रड प्रत्येक दप्तरात आहे. वकिलाने डौलाने राहायचे, पालखी, अब्दागीर, शिबंदी ठेवायची, सणासुदीला नजराणे करायचे. या खर्चाला दरबारखर्च हे नाव होते. चोरून द्यायच्या पैशाला ‘अंतस्थ’ म्हणत आणि ते हिशेबात तसेच लिहीतही. लाच ही चोरी नव्हती, बाब होती. अडचण पैसे वेळेवर न येण्याची होती. नेमणूक थकली की वकील स्थानिक सावकाराकडून कर्ज काढी आणि तो सावकार त्याच दरबाराच्या ओंजळीने पाणी पिणारा असे. ज्याच्या पोटातले काढून घ्यायचे त्याच्याच पैशावर जगणे, ही वकिलाची नेहमीची स्थिती.

शिवाय वकील हा ओलीस असे. राज्यांचे बिनसले की पहिला पहारा त्याच्या बिऱ्हाडावर बसे. बायकोमुले बरोबर असतील तर तीही अडकत. घरच्या आजारपणाची, लग्नकार्याची, रजेची विनवणी राजकारणाच्या कलमांच्या मध्येच येते आणि वाचणाऱ्याला जरा थांबवते.

हैदराबादेत बोललेला एक शब्द

हैदराबादची वकिली काळे घराण्याकडे होती. आधी कृष्णराव बल्लाळ काळे, मग त्यांचे चिरंजीव गोविंदराव. गोविंदराव भगवंत पिंगळे हेही निजामाकडच्या कामात होते. गोविंदराव काळ्यांचे एक पत्र मराठी वाचकांना शाळेपासून माहीत असते. १७९३ च्या सुमारास महादजींचे आणि नानांचे मनोमीलन झाल्याचे कळल्यावर त्यांनी नानांना लिहिलेले. अटकेपासून दक्षिण समुद्रापर्यंत आपल्या लोकांचे वर्चस्व झाले, हे घडवणाऱ्यांचे मोल मागून कळेल, असा त्याचा आशय. त्या पत्राचा उत्साह सगळे आठवतात. परक्या शहरात बसलेल्या माणसाला आपल्याकडची भांडणे मिटल्याचा केवढा दिलासा वाटला होता, हे सहसा कोणी बोलत नाही.

पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत महादजी गेले. चौथाईच्या थकबाकीचा वाद चिघळत होता. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याला वाटले, पुणे आता दुबळे झाले. भर दरबारात दोन्ही मराठी वकिलांसमोर तो बोलून गेला की हिशेब समजवायला नानांनी स्वतः हैदराबादेत यावे. अशा बोलण्याला ते कसे येतील, असे वकिलांनी विचारले, तेव्हा कसे आणायचे ते मी दाखवतो, असे त्याचे उत्तर. ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवला आहे.

वकिलांनी हे पुण्याला कळवले आणि त्यातून जे व्हायचे ते झाले. पेशवा, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, सगळे एका झेंड्याखाली आले. एकत्र येण्याची ती अखेरची वेळ ठरली. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा मोड झाला. तहात मुलूख आणि पैसा तर घेतलाच, पण मुशीरुल्मुल्कालाही मागून घेतले. तो ओलीस म्हणून पुण्यात आला.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुण्यात वारसाचा घोळ सुरू झाला. नजरकैदेतल्या दिवाणाने या पक्षाला त्या पक्षावर घालून आपले वजन वाढवले. १७९६ मध्ये महाडला नानांना पाठिंब्याची गरज पडली, तेव्हा त्या पाठिंब्याची किंमत म्हणून खर्ड्याच्या अटी बहुतेक सैल करून घेतल्या. निजामाला त्या दशकात लाभलेला सर्वांत यशस्वी वकील म्हणजे हा पुण्यातला कैदी. आपल्या दरबारात फट असली की शत्रूच्या ओलिसालाही वकिली करता येते.

दोघांचे वकील

त्या काळची वकिली आजच्या चौकटीत नीट बसत नाही, कारण एकाच माणसाची निष्ठा एकाच ठिकाणी असावी ही अपेक्षाच पक्की झाली नव्हती. काशीराज पंडित मराठी ब्राह्मण, पण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत. पानिपतावर सदाशिवराव भाऊ तहाचे बोलणे त्याच्यामार्फत करत. भाषा एक, धनी वेगळे. लढाईच्या आदल्या रात्री भाऊंनी त्याला शेवटची चिठ्ठी पाठवली: आता सोसवत नाही, काही होण्यासारखे असेल तर आत्ता करा. तो शुजाला ती सांगत होता तोवर मराठी फौज बाहेर पडल्याची बातमी आली. पुढे त्याने फारसीत लिहिलेली हकिकत ही त्या लढाईची महत्त्वाची साक्ष मानली जाते.

नागपूरकर भोसल्यांचा कलकत्त्याचा वकील बेनीराम पंडित याहून पुढे गेला. वॉरन हेस्टिंग्जशी त्याची मैत्री होती. १७८१ मध्ये काशीत चेतसिंगाच्या उठावाने हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात पळावे लागले, खजिन्यात दमडी नव्हती, तेव्हा बेनीराम आणि त्याचा भाऊ विश्वंभर यांनी आपली लाखभर रुपयांची रक्कम त्याच्यापुढे ठेवली. इंग्रज पुण्याशी लढत होते ते हे दिवस. हेस्टिंग्जने पुढे बेनीरामाला जहागीर दिली. भोसले पुण्याबरोबर होते की कंपनीबरोबर, याचे उत्तर वकिलाच्या वागण्यातून मिळते. ते दोन्हीकडे होते.

गोव्याच्या बाजूने हेच उलट दिसते. पोर्तुगीजांचे मराठी दरबारांतले काम शेणवी मंडळी करत. नारायण शेणवी धुमे हे पुण्यातल्या अशा वकिलांपैकी. पांडुरंग पिसुर्लेंकरांनी गोव्याच्या दप्तरातून या हिंदू, मुसलमान, पारशी वकिलांवर पोर्तुगीज भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १९५२ मध्ये आला. लिस्बनच्या राजाची बाजू मराठीत मांडणारे आणि पुण्याची बातमी पोर्तुगीजांना पुरवणारे हे लोक कोकणी घरांतून आले होते. त्यांना फितूर म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्यावाचून दोन्ही बाजूंचे पान हलत नव्हते.

या दुहेरी जागेने सर्वांत मोठा बळी घेतला तो गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा. बडोद्याचा गायकवाड आणि पेशवा यांच्यात खंडणीचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा जुना वाद होता. शास्त्री गायकवाडांचे वकील म्हणून पुण्याला आले ते इंग्रजांच्या हमीवर. दुसऱ्या बाजीरावाने आधी त्यांना आपलेसे करायचा प्रयत्न केला. आपल्या मेहुणीचे लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी ठरवण्यापर्यंत गोष्ट गेली, मग शास्त्र्यांनी माघार घेतली आणि दरबाराचे मन फिरले. जुलै १८१५ मध्ये सगळे पंढरपुरात होते. रात्री देवळातून दर्शन घेऊन परतताना शास्त्र्यांवर मारेकरी पडले.

वकिलाच्या अंगाला लावलेला हात आता कोणाच्या तरी हिशेबात येणार होता. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याला मागितले, मिळवले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले; तो १८१६ मध्ये निसटला. त्याचे निमित्त करून जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला गेला. त्या तहाने पेशव्याकडून जे काढून घेतले त्यात किल्ले आणि मुलूख तर होताच. शिवाय इतर दरबारी वकील ठेवायचे नाहीत आणि त्यांचे ठेवून घ्यायचे नाहीत, असेही कबूल करून घेतले.

संगमावरचा बंगला

इंग्रजही सुरुवातीला असेच विस्कळीत होते. वसई पडल्यावर १७३९ मध्ये मुंबईकरांनी इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे आणि गॉर्डनला शाहू महाराजांकडे धाडले. गॉर्डनचे खरे काम दरबारातले हेवेदावे टिपण्याचे होते. मोस्टिन १७६७ मध्ये माधवरावांकडे आला, १७७२ पासून पुण्यातच राहू लागला. १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबाशी सुरतेला तह केला आणि कलकत्तेकरांनी तो नामंजूर करून कर्नल अप्टनला धाडून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. एका कंपनीची दोन तोंडे नाना फडणिसांनी चांगली ओळखली होती. सेंट लुबिन नावाच्या फ्रेंच वकिलाला १७७७ मध्ये पुण्यात मिरवून त्यांनी इंग्रजांची झोपही उडवली.

पण इंग्रजांनी आपले घर सावरले. सालबाईचा तह मे १७८२ मध्ये झाला. हैदर अलीशी आपण परभारे तह करणार नाही असा करार असल्याने नानांनी तो मंजूर करायला कित्येक महिने लावले आणि डिसेंबरात हैदर वारल्यावरच मान्यता दिली. त्या काळात श्रीरंगपट्टणात असलेल्या कृष्णराव नारायण जोशी या वकिलाची अवस्था कल्पनेनेच समजावी. तहानंतर पुण्यात इंग्रजांचा स्वतंत्र वकील असावा की सगळे महादजींमार्फत व्हावे, यावर दोन मराठी धुरीणांतच रस्सीखेच झाली. नानांनी आपले म्हणणे खरे केले आणि १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्याला आला.

मॅलेटने मुळा-मुठेच्या संगमावर बंगले बांधले. सोबत मदतनीस, डॉक्टर, मुन्शी, पहारा. नानांच्या बाजूने बहिरोपंत मेहेंदळे त्याच्याशी बोलत. मॅलेटला वेरूळच्या लेण्यांत रस होता, गंगाराम तांबट नावाच्या पुणेरी चित्रकाराकडून त्याने लेण्यांची चित्रे काढून घेतली. शनिवारवाड्यात १७९० मध्ये टिपूविरुद्ध तह झाला त्या दरबाराचे प्रसिद्ध चित्र मॅलेटच्याच आश्रयातून आले. माणूस रसिक होता, शिष्टाचारी होता. पण महत्त्वाचे ते त्याचे दप्तर. आलेले, गेलेले प्रत्येक पत्र नकलून ठेवलेले. मॅलेट गेला, पामर आला, क्लोज आला, १८११ मध्ये एल्फिन्स्टन आला. माणूस नवा, दप्तर तेच. हैदराबाद, नागपूर, शिंद्यांची छावणी, सगळीकडचे रेसिडेंट एकाच गव्हर्नर जनरलला लिहीत आणि एकाने कळवलेले दुसऱ्याला कामी येई. हा पत्रव्यवहार पुढे जदुनाथ सरकार आणि सरदेसायांच्या देखरेखीखाली १५ खंडांत छापला गेला.

इकडे हिंगण्यांचे कागद संशोधकांना मिळाले ते हिंगण्यांच्या घरी. वकील वारला की त्याचे शहाणपण त्याच्या माडीवरच्या पेटीत जाई. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, पेशवे यांचे प्रत्येकी वेगळे वकील आणि त्यांच्या पत्रांची गाठ कुठेच पडत नसे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने परराज्यांशी बोलताना कंपनीला विचारण्याचे बंधन पेशव्यावर आले, तेव्हा तर उरलेली वकिलीही पोकळ झाली.

लंडन, फार उशिरा

राहता राहिले लंडन. पेशव्यांच्या सत्तेच्या भरात तिथे त्यांचा वकील कधी बसला नाही. गेला तो राघोबादादांचा माणूस. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबत पारशी सहकारी १७८१ मध्ये इंग्लंडात होते. सोवळ्याने स्वयंपाक करायला जागा मिळेना, तेव्हा एडमंड बर्कने बीकन्सफील्डच्या आपल्या घरच्या काचगृहात त्यांची सोय केली. परत आल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल हणमंतरावाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या समाजात परदेशी वकिलीहून आलेल्या माणसाची आधी शुद्धी होते आणि मग त्याला काय पाहिलेस हे विचारले जाते की नाही याची खात्री नसते, त्या समाजातून दुसरा वकील जायला साठ वर्षे लागावीत यात नवल नाही.

तो दुसरा म्हणजे रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. इंडिया हाऊसमध्ये कंपनीच्या भागधारकांपुढे ते बोलले. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्पसन यांनी त्यांची बाजू घेतली. पत्रके छापणे, सभेत प्रश्न विचारवणे, वर्तमानपत्रे गाठणे, म्हणजे आधुनिक वकिलातीचे सगळे काम हा एकटा, कर्जात बुडालेला माणूस करत होता. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा झाली, तरी त्यांनी मुक्काम हलवला नाही. परत आले ते रिकाम्या हाताने. १८५७ च्या साताऱ्याच्या कटात त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला आणि स्वतः रंगो बापूजी ठाण्याहून नाहीसे झाले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

इंग्लंडात निर्णय कुठे होतात, कोणाचे मत वळवता येते, डायरेक्टर आणि पार्लमेंट यांच्यात फट कुठे आहे, हे रंगो बापूजींना नीट समजले होते. हे ज्ञान १७८० मध्ये पुण्याला असते तर त्याचे मोल वेगळे झाले असते. १८४८ नंतर ते ज्ञान होते आणि ज्याच्यासाठी वापरायचे ते राज्य नव्हते.

काय उरते

या दोन शतकांतून काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. मराठी वकील बातमीत कमी पडले नाहीत. बोलण्यातही नाहीत, १७८० मध्ये नाना, हैदर, निजाम आणि भोसले यांची इंग्रजांविरुद्ध चौकट उभी राहिली, ती वकिलांच्या चालण्या-बोलण्यावरच. कमी पडली ती तीन ठिकाणी राज्यव्यवस्था. वकिली पदाची न होता घराण्याची झाली, म्हणून अनुभव राज्याकडे साठला नाही. एका राज्याचे वकील पाच धन्यांचे झाले, म्हणून बातमी जुळली नाही. आणि ओळखीच्या दरबारांपलीकडे, समुद्रापलीकडे, पाहण्याची सोय केली नाही.

स्वतंत्र भारताने हे खाते सत्ता हाती येण्याआधीच, ऑक्टोबर १९४६ मध्ये परराष्ट्र सेवेचा निर्णय घेऊन, उभारायला घेतले. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घरातले आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले आणि पुढे इंडोनेशियापासून ब्रिटनपर्यंत देशाचे प्रतिनिधी राहिले. त्यांच्या जागी दुसरा आला तेव्हा फाइल तिथेच होती. इतकी साधी गोष्ट. ती नसल्यामुळे हिंगणे, काळे, जोशी यांच्यासारख्यांचे आयुष्यभराचे शहाणपण त्यांच्या धन्यांच्या कामी अर्धेच आले. राजवाड्यांपासून सुरू झालेल्या खटपटीने ते निदान आपल्यापर्यंत पोचले आहे. या वकिलांना शूर किंवा फितूर ठरवण्याची घाई न करता त्यांची पत्रे दरबारांच्या जोडीजोडीने, दिल्लीचे हैदराबादशेजारी आणि कलकत्त्याचे पुण्याशेजारी ठेवून, वाचली पाहिजेत. त्यांच्या हयातीत हे काम कोणी केले नाही. आता ते इतिहासकाराकडे आले आहे.